कर्णधार बदलला, आपल्याला कुणी विचारलं?



आपल्या कार्यक्रमाकडे एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतोय. शब्द बदलतात, रोख तोच. "मुंबई इंडियन्सने रोहितला कर्णधारपदावरून काढलं, तेव्हा आपल्याला कुणी विचारलं होतं का?" विचारणारे सगळे मुंबईचे नाहीत. चिपळूणचे आहेत, श्रीवर्धनचे आहेत, नांदेडचे आहेत, आणि ज्यांनी वानखेडे फक्त मोबाईलच्या पडद्यावर पाहिलंय असेही बरेच आहेत. प्रश्न रागाने विचारलेला आहे, पण त्याला खरंखुरं उत्तर आहे. ते उत्तर थोडं लांबचं आहे. ऑस्ट्रेलियापर्यंत जाऊन परत मुंबईत येणारं. तेवढा वेळ द्या.

ज्यांनी रास अल खैर पाहिलं नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जुबैलच्या वर, आखाताच्या किनाऱ्यावरची ही औद्योगिक वसाहत. जुनं नाव रास अझ-झौर. वाळवंटातल्या खाणींतून रेल्वेने फॉस्फेट आणि बॉक्साइट इथे येतं, त्याचं खत आणि अ‍ॅल्युमिनियम होतं. समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा प्रकल्प आहे, जहाजांचं आवार आहे. इथलं डीएपी खत आपल्याकडच्या शेतापर्यंत जातं, त्यामुळे गोणीवर सौदी अरेबिया वाचलेला शेतकऱ्याचा मुलगा इथे भेटला की गप्पा लगेच सुरू होतात. पण गाव म्हणावं असं काही नाही. कारखाने, रस्ते, कॅम्प आणि मेस. माझं काम संगणक प्रणालीचं. कारखान्यातला मालसाठा, सुटे भाग, दुरुस्तीची कामं यांचा हिशेब ठेवणारी प्रणाली बसवायची आणि माणसांना ती वापरायला शिकवायची. म्हणजे दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. संध्याकाळी मेसमध्येही तक्रारीच ऐकू येतात, फक्त विषय क्रिकेटचा असतो. भारत आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे साडेसातचा सामना इथे पाचला सुरू होतो आणि दिवसपाळीची माणसं बसमधून उतरेपर्यंत पॉवर प्ले संपलेला असतो.

आधी घटना नीट लावून घेऊ, कारण वाद घालताना तारखांची सरमिसळ फार होते.

रोहित शर्मा मुंबईकडे २०११ च्या लिलावात आला. २०१३ च्या हंगामाच्या मध्यावर रिकी पाँटिंगने कर्णधारपद सोडलं आणि ते रोहितकडे आलं. त्याच वर्षी चषक. मग २०१५, २०१७, २०१९, २०२०. एकूण पाच. हार्दिक पंड्याला मुंबईने २०१५ मध्ये १० लाख रुपयांना घेतलं होतं. त्या पाचांपैकी चार चषकांत तो संघात होता, हे त्याला 'बाहेरचा' म्हणणारे सोयीने विसरतात. २०२२ मध्ये गुजरात टायटन्स हा नवा संघ आला, हार्दिक तिथे कर्णधार झाला, पहिल्याच वर्षी जिंकला आणि दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात हरला. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो ट्रेडच्या वाटेने मुंबईत परतला. १५ डिसेंबर २०२३ ला मुंबईने जाहीर केलं की पुढचा कर्णधार हार्दिक. तो शुक्रवार होता, म्हणजे इथल्या सुट्टीचा दिवस. बातमी चघळायला सगळ्यांना वेळच वेळ होता.

मेसमधला वाद साधारण असा चालायचा.

"पाच चषक दिले रे त्याने. पाच! आणि एका निवेदनात कारभार आटोपला?"

"दिले, पण २०२० पर्यंत. २०२२ ला आपण शेवटचे होतो, ते पण त्यानेच दिलं ना?"

"मग बुमराहला करायचं होतं. सूर्या होता. जो सोडून गेला त्यालाच परत आणून वर बसवायचं?"

तिन्ही माणसं आपापल्या जागी बरोबर बोलतायत. पण ती एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीयेत. पहिला सन्मानाबद्दल बोलतोय, दुसरा निकालांबद्दल, तिसरा निष्ठेबद्दल. म्हणून रात्री अकरापर्यंत वाद घालूनही कुणी हरत नाही आणि कुणी जिंकत नाही.

निकालांचं पाहायचं तर व्यवस्थापनाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. २०२१ मध्ये मुंबई पाचवी, २०२२ मध्ये दहावी, २०२३ मध्ये दुसऱ्या क्वालिफायरमध्ये बाहेर, तीही हार्दिकच्याच गुजरातकडून. रोहित तेव्हा ३६ वर्षांचा. जिंकणाऱ्या कर्णधाराला त्याचा काळ पूर्ण ओसरण्याआधी बदलणं याला आमच्या एमबीएच्या वर्गात उत्तराधिकाराचं नियोजन म्हणायचे, आणि त्याचं कौतुक व्हायचं. वर्गात ज्याला बदललं त्याच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलायचं नाही.

आणि मला वाटतं, रास अल खैरमध्ये हा वाद इतका पेटण्याचं कारण नेमकं तिथे आहे. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या नोकरीला एक शेवटची तारीख आहे. दहा-दहा वर्षं एका ठेकेदाराकडे काढलेला फोरमन असतो. त्याने माणसं घडवलेली असतात, उन्हाळ्यात रात्रपाळ्या काढलेल्या असतात. एक दिवस कळतं की साईट दुसऱ्या ठेकेदाराकडे गेली, नवा माणूस येतोय, तुमचं ट्रान्सफर होईल किंवा एक्झिट लागेल. कुणी वाईट वागलेलं नसतं. सगळं करारानुसार असतं. त्या फोरमनला रोहितच्या जागी स्वतः दिसतो. तो रोहितची सरासरी काढून दाखवणाऱ्याशी भांडत नाही. दहा वर्षांनंतर एका कागदावर बदली होते याच्याशी भांडतो. हे ध्यानात घेतलं की समोरच्याचा आवाज का चढलाय ते कळतं.

गंमत म्हणजे ट्रेडमध्ये खेळाडूची संमती लागते. हार्दिकची होती. ट्रेड म्हणजे काय, हेही सांगतो. प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायची एक मर्यादा असते, तिला पर्स म्हणतात. ट्रेडने आलेल्या खेळाडूची ठरलेली किंमत, हार्दिकची १५ कोटी होती, ती नव्या संघाच्या पर्समधून जाते. त्यासाठी जागा करायला मुंबईने कॅमेरॉन ग्रीनला साडेसतरा कोटींच्या किमतीला बंगळुरूकडे दिलं. याशिवाय दोन संघ आपसांत हस्तांतराची वेगळी रक्कम ठरवू शकतात आणि ती पर्समध्ये धरली जात नाही. हार्दिकसाठी ती किती होती, हे जाहीर झालं नाही. चाहत्यांनी खरं तर इथे बोट ठेवायला हवं होतं. मर्यादा सगळ्यांना सारखी आहे असं सांगायचं आणि मर्यादेबाहेरची एक खिडकी पडदा लावून उघडी ठेवायची, हे हिशेबाच्या माणसाला पटत नाही.

पण राग तिकडे गेला नाही. तो हार्दिककडे गेला.

२४ मार्च २०२४ ला अहमदाबादेत मुंबईचा पहिला सामना. नाणेफेकीपासून हुर्यो. ते समजू शकतो, तो त्यांना सोडून गेला होता. मग हैदराबाद, जिथे समोरच्या संघाने २७७ धावा कुटल्या. आणि १ एप्रिलला वानखेडे, म्हणजे घर. तिथेही हुर्यो. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना सांगावं लागलं की नीट वागा. रमजान चालू होता. इथे सहाच्या सुमारास इफ्तार, मेसमध्ये खजूर आणि भजी मांडलेली, आणि पडद्यावर आपलंच मैदान आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवतंय. रोहित पहिल्याच चेंडूवर बाद झाला. पुढे क्षेत्ररक्षण करताना तोच प्रेक्षकांना हाताने शांत करत होता. दहा दिवसांनी विराट कोहलीनेही, समोरच्या संघातून, तसंच केलं. मुंबई त्या हंगामात १४ पैकी ४ सामने जिंकून शेवटची आली.

आता मूळ प्रश्न. निर्णय कुणाचा होता आणि तो कुणाला विचारून घ्यायला हवा होता?

मुंबई इंडियन्स ही फ्रँचायझी रिलायन्सने २००८ मध्ये ११ कोटी १९ लाख डॉलरना घेतली, त्या वेळच्या आठ संघांत सगळ्यात महाग. मालक एक, म्हणून निर्णयही मालकाचा. आपण तिकीट काढतो, जर्सी घेतो, सामना बघतो. यातलं कशानेही आपल्याला मत मिळत नाही. शिवाय आपल्या तिकिटावर मालकाचं फारसं अडतही नाही. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. ४१० सामने धरले तर एका सामन्यामागे सुमारे ११८ कोटी. यातला साधारण निम्मा वाटा संघांत वाटला जातो, आणि तो चषक जिंकणाऱ्यालाही मिळतो, तळाला असणाऱ्यालाही. म्हणजे वानखेडे रुसलं तरी तिजोरी रुसत नाही. उलट हुर्यो ऐकायला जास्त लोक टीव्ही लावत असतील तर प्रक्षेपकाचं बरंच झालं.

हे मी इथल्या एका सहकाऱ्याला सांगत होतो. मूळचा मेलबर्नचा, अ‍ॅल्युमिनियमच्या कामातला जुना माणूस, हॉथॉर्न या क्लबचा वंशपरंपरेने सभासद. त्याला आयपीएलमधलं क्रिकेट कळतं, पण आमचं दुःख कळेना. "मग पुढच्या सर्वसाधारण सभेत त्यांना पाडा की," म्हणाला. मी म्हटलं, कुठली सभा?

त्याचा खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. आपल्यातल्या बहुतेकांना तो माहीत नसतो. अंडाकृती मैदान, अंडाकृतीच चेंडू, एका बाजूला १८ खेळाडू. दोन उंच मधल्या खांबांतून चेंडू लाथेने मारला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. चेंडू हातात धरता येतो, पण फेकता येत नाही; एका हातावर ठेवून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारावा लागतो. १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये त्याचे नियम लिहिले गेले. वरच्या लीगला १९९० पासून एएफएल म्हणतात, सध्या तिच्यात १८ क्लब आहेत. लिलाव नाही. दर वर्षी नवीन मुलांची निवड होते आणि जो संघ तळाला त्याला साधारणपणे पहिली निवड मिळते. खर्चाची मर्यादा तिथेही आहे.

पण आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाची गोष्ट मालकीची. मेलबर्नच्या बहुतेक जुन्या क्लबांना मालकच नाही. आपल्याकडची सहकारी संस्था डोळ्यांसमोर आणा. वर्षाची वर्गणी भरणारा सभासद, सभासद संचालक मंडळ निवडतात, मंडळ प्रशिक्षक नेमतं. कर्णधार कोण, हे सभासद ठरवत नाहीत, हे नीट लक्षात घ्या. पण ज्यांनी ठरवलं त्यांना घरी पाठवायची वाट असते. रिचमंड क्लबने २०१८ मध्ये एक लाख सभासदांचा टप्पा ओलांडला. एक लाख माणसं वर्गणीची पावती खिशात ठेवून प्रशिक्षकाला शिव्या घालतायत, म्हणजे काय चीज असेल बघा.

आणि हे मत कागदावरचं नाही. १९९६ मध्ये हॉथॉर्न कर्जात होतं. लीगची इच्छा होती की मेलबर्नमधले क्लब कमी व्हावेत. विलीन होणाऱ्यांना साठ लाख डॉलर देऊ केले होते. हॉथॉर्न आणि मेलबर्न एफसी यांचं मिळून 'मेलबर्न हॉक्स' करायचं ठरलं. दोन्ही व्यवस्थापनं तयार. जर्सीसुद्धा तयार. हंगामाच्या शेवटी दोघांचा आपसांत सामना झाला, तो हॉथॉर्नने एका गुणाने जिंकला. १६ सप्टेंबरला दोन्ही क्लबांच्या सभासदांच्या सभा झाल्या. हॉथॉर्नच्या सभेत डॉन स्कॉट हा जुना कर्णधार उभा राहिला, त्याने नव्या जर्सीवरचं ससाण्याचं चित्र सगळ्यांसमोर ओढून काढलं, ते नुसतं चिकटवलेलं होतं, आणि दाखवलं की खाली उरते ती मेलबर्नचीच जर्सी. मेलबर्नच्या सभासदांनी थोडक्या मतांनी होकार दिला. हॉथॉर्नच्या सभासदांनी जवळपास दोनास एक असा नकार दिला. विलीनीकरण संपलं. माझा सहकारी सांगतो, त्याचे वडील त्या रात्री घरी येऊन काही न बोलता झोपले आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला सभासद करून आले. हॉथॉर्न पुढे २००८ मध्ये जिंकलं, मग २०१३, २०१४, २०१५ सलग तीन वेळा. मेलबर्न एफसीलाही २०२१ मध्ये विजेतेपद मिळालं. विलीन झाले असते तर यातलं कुठलं कुणाचं, कोण जाणे.

त्याआधी १९८९ मध्ये फुट्सक्रे या कामगारवस्तीच्या क्लबचं फिट्झरॉयशी विलीनीकरण जाहीर झालं होतं. लोकांनी डबे हलवत, दारोदार फिरत दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली आणि क्लब वाचवला. तोच आजचा वेस्टर्न बुलडॉग्ज. २०१६ मध्ये त्याने ६२ वर्षांनी विजेतेपद मिळवलं. फिट्झरॉयच्या चाहत्यांच्या नशिबी ते नव्हतं. १९९६ मध्ये त्यांचा कर्जबाजारी क्लब प्रशासकाच्या हाती होता आणि तो ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. म्हणजे सहकारातही तिजोरी रिकामी झाली की मतपेटीची किंमत घसरते. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातल्या माणसाला हे वेगळं समजावायची गरज नाही.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, मत मिळालं की माणसं शहाणी होतात. तसं मुळीच नाही. सिडनी स्वान्सचा अ‍ॅडम गुड्स हा आदिवासी वंशाचा मोठा खेळाडू. लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक दोनदा मिळवलेला, २०१४ चा 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर'. वंशद्वेषाबद्दल तो उघड बोलायला लागला, आणि २०१५ मध्ये मैदानामागून मैदान त्याची हुर्यो उडवू लागलं. आठवड्यामागून आठवडे. एक सामना तो खेळलाच नाही, आणि त्या हंगामानंतर निवृत्त झाला. लीगने आणि सगळ्या १८ क्लबांनी बिनशर्त माफी मागितली ती २०१९ मध्ये. हार्दिकचं प्रकरण आणि हे एका तराजूत घालायचं नाही. गुड्सच्या मागे त्याच्या वंशाचा द्वेष होता. पण हजारो माणसं एका माणसावर ओरडतात तेव्हा त्यातल्या प्रत्येकाला आपण फक्त मजा करतोय असंच वाटत असतं, हे दोन्हीकडे सारखं.

बरं, मग आपल्याकडे मतदान कुठेच नाही का? आहे. मुंबईतच आहे. मुंबई क्रिकेट संघटनेची निवडणूक आमदारकीच्या तोडीस तोड गाजते. फक्त त्यात मत मुख्यतः संलग्न क्लबांना असतं. आझाद मैदानावर, कांगा लीगमध्ये, भर पावसात खेळणारे क्लब. स्टेडियममध्ये बसलेल्या प्रेक्षकाला मत नसतं. आणि त्या क्लबांनी काय केलं, ते पाहा. २००१ मध्ये अध्यक्षपदासाठी एकीकडे अजित वाडेकर, वेस्ट इंडीज आणि इंग्लंड जिंकून आलेला कर्णधार, दुसरीकडे शरद पवार. पवार जिंकले. २०११ मध्ये दिलीप वेंगसरकर विरुद्ध विलासराव देशमुख. देशमुख जिंकले. २०२२ मध्ये संदीप पाटील विरुद्ध अमोल काळे. काळे जिंकले. तीन निवडणुका, तीन मोठे फलंदाज, तिन्ही बाद.

यावर लगेच "बघा, राजकारण!" म्हणून हात झटकायची आपल्याला सवय आहे. मी तसं म्हणणार नाही. क्लब चालवणाऱ्या माणसाला मैदानाची परवानगी हवी असते, पालिकेत शब्द टाकणारा कुणी हवा असतो. तो फलंदाजीची शैली बघून मत देत नाही. वानखेडे उभं राहिलं तेच मुळी अशा गरजेतून. ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे त्यांच्या सभासदांचं. कसोटीच्या वेळी मुंबई संघटनेच्या क्लबांना जागा किती द्यायच्या यावरून भांडण विकोपाला गेलं, आणि त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष असलेल्या शेषराव वानखेडेंनी जवळच दुसरं स्टेडियम बांधून काढलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. कोण कुठे बसणार या भांडणातून उभी राहिलेली ती वास्तू आहे. २०२५ च्या मे महिन्यात तिथे नवी नावं लागली: ग्रँड स्टँडच्या तिसऱ्या मजल्याला शरद पवारांचं, चौथ्याला अजित वाडेकरांचं. निवडणूक हरलेला एक मजला वर आहे. आणि दिवेचा पॅव्हेलियनच्या तिसऱ्या मजल्याला रोहित शर्माचं. ही नावं संघटनेने दिली, फ्रँचायझीने नाही. रोहितचा सन्मान झाला नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं की संघटना आणि फ्रँचायझी ही दोन वेगळी घरं आहेत.

सौदीतही मालकीचं चित्र बदललंय, तेही ओझरतं पाहू. जून २०२३ मध्ये अल हिलाल, अल नस्र, अल इत्तिहाद आणि अल अहली या चार फुटबॉल क्लबांचा ७५ टक्के हिस्सा सरकारी गुंतवणूक निधीकडे गेला, उरलेला प्रत्येकी एका ना-नफा प्रतिष्ठानकडे. आपल्या बाजूचा अल खोबारचा कादिसिया अरामकोकडे गेला. आमच्या कार्यालयातले सौदी सहकारी रविवारी सकाळी कॉफी पिताना जे बोलतात ते भाषा कळली नाही तरी ओळखीचं वाटतं. प्रशिक्षकाला काढा, याला कशाला घेतला, पैसे कुठे गेले.

हार्दिकचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. २९ जून २०२४, ट्वेंटी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना, शेवटचं षटक त्याच्या हातात, भारत ७ धावांनी विजयी. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मिरवणूक आणि मग वानखेडे. तेच मैदान, तोच माणूस, तीन महिन्यांचं अंतर, आणि आता "हार्दिक, हार्दिक". मेसमध्ये एक वयस्कर वेल्डर म्हणाला, "पब्लिकला काय, तिला ओरडायला कुणीतरी लागतं." त्याचं अर्धं पटतं. उरलेलं अर्धं हे, की निवेदन काढणारा माणूस मैदानात उतरत नाही. खेळाडू उतरतो. म्हणून सगळं त्याच्या अंगावर येतं.

शेवटी लिलावाचं, कारण श्रेयस अय्यरबद्दलचे प्रश्न अजून थांबलेले नाहीत. २४ आणि २५ नोव्हेंबर २०२४ ला आयपीएलचा मोठा लिलाव आपल्याच देशात, जेद्दाला झाला. आपल्यापासून बाराशे किलोमीटरहून दूर, पण प्रथमच घड्याळ तेच. रविवार, कामाचा दिवस. त्या दुपारी आमच्या प्रशिक्षण वर्गातली निम्मी माणसं टेबलाखाली मोबाईल धरून बसली होती. पंजाबने श्रेयसला पावणेसत्तावीस कोटींना घेतलं. मुंबईचा मुलगा, मुंबईने का सोडला?

आकडेमोड करू. प्रत्येक संघाची पर्स १२० कोटी. मुंबईने आधीच पाच जण ठेवले होते: बुमराह १८, सूर्यकुमार आणि हार्दिक प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३०, तिलक वर्मा ८. बेरीज ७५. उरले ४५. संघात किमान १८ खेळाडू लागतात, म्हणजे अजून तेरा तरी घ्यायचे. श्रेयसला तेवढ्यात घेतला असता तर उरलेल्या बारांसाठी सव्वाअठरा कोटी राहिले असते. त्यात ट्रेंट बोल्टचे साडेबारा आणि दीपक चाहरचे सव्वानऊ बसतच नाहीत. म्हणून श्रेयसचा प्रश्न लिलावाच्या टेबलावरचा नाही. तो ३१ ऑक्टोबरचा आहे, त्या पाच नावांचा. पाचही ठेवायचे की एकाला सोडून मोकळं व्हायचं? सोडायचं तर कुणाला? हे विचारलं की मेसमध्ये एकदम शांतता होते, कारण आता नाव आपल्याला घ्यायचं असतं.

१ जून २०२५ ला अहमदाबादेत दुसऱ्या क्वालिफायरमध्ये याच श्रेयसने ४१ चेंडूंत नाबाद ८७ करून मुंबईला बाहेर काढलं. पाऊस पडून गेला होता, सामना उशिरा सुरू झाला होता, इथेच अकराच्या सुमारास संपला. पहाटेची बस असलेली माणसं बसून होती. दुसऱ्या दिवशी जेवताना वाद झालाच. हार्दिकचं नाव फारसं निघालं नाही. त्या पाच नावांचा निर्णय कुणी घेतला, मालकाने, प्रशिक्षक महेला जयवर्धनेने की आकडेवारीच्या माणसांनी, यावर मात्र दोन टेबलं जोडली गेली.

तुमचं सहावं नाव, किंवा पाचांतलं खोडलेलं नाव, आम्हाला कळवा.